सफाईचा ठेका देता येतो, जबाबदारी देता येत नाही



बाजारपेठेत दुकानासमोर दोन-तीन दिवसांचा कचरा साचला की आपण नगर परिषदेत विचारणा करतो. तेथे उत्तर मिळते, "ते काम आता ठेकेदाराकडे आहे." ठेकेदाराच्या माणसाला गाठावे तर तो म्हणतो, "साहेब, आमचे बिलच निघालेले नाही." या दोन उत्तरांच्या मध्ये कचरा जागच्या जागी राहतो, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून पुढच्या गल्लीत निघून जाते आणि नुकसान आपले होते. घंटागाडी आणि रस्तेसफाई ठेक्याने देण्याची पद्धत आता राज्यातील अनेक नगर परिषदांत रूढ झाली आहे. ती चांगली की वाईट हा वाद आम्ही येथे घालणार नाही. ठेका दिल्यानंतर नगर परिषदेचे कोणते काम शिल्लक राहते आणि ते होते की नाही हे आपल्यासारख्या साध्या माणसाने कसे ओळखावे, एवढेच समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचा धंदा कापडाचा. आपण रंगाऱ्याकडे थान रंगवायला देतो, शिलाई कारागिराकडे कपडा शिवायला देतो. पण रंग उतरला तर गिऱ्हाईक रंगाऱ्याकडे जात नाही, आपल्या गादीवर येते. "रंग आम्ही दिला नाही, रंगाऱ्याने दिला" असे सांगून आपली सुटका होत नाही. म्हणून आपण माल परत आला की थान उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, ओल्या कपड्याने रंग घासून पाहतो आणि मगच मजुरी चुकती करतो. नगर परिषद आणि ठेकेदार यांचे नाते अगदी असेच आहे. झाडू मारण्याचे काम दुसऱ्याकडे गेले तरी माल तपासून घेण्याचे काम नगर परिषदेकडेच राहते. पूर्वी तिला झाडावे लागत होते, आता मोजावे लागते.

मामला ते सुरत

सफाईतील ढिलाई किती महाग पडते हे आपल्या जिल्ह्याने आणि आपल्या धंद्याने एकाच वर्षी पाहिले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. धक्क्यांच्या भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरांत साठवलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले आणि उंदरांबरोबर पिसवा वाढल्या, असे त्या वेळी नोंदले गेले. त्यानंतर महिनाभरातच, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. तापीच्या पुराचा गाळ, मेलेली जनावरे आणि न उचललेला कचरा यांनी ते शहर आधीच भरून गेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे त्या वर्षी देशभरात प्लेगचे ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू झाले. मृतांचा आकडा मोठा वाटत नसेल, पण भीतीपायी लाखो माणसे सुरत सोडून गेली. यंत्रमाग थांबले, कापड बाजार बंद पडला, अनेक देशांनी भारतातील विमाने आणि माल रोखला. ज्यांची दुकाने सुरतेच्या साड्यांवर चालतात त्यांना ऐन दिवाळीच्या तोंडावर माल मिळेना. उंदीर आणि कचरा या गोष्टी आरोग्य खात्यापुरत्या असतात, असे त्यानंतर निदान कापडाच्या व्यापाऱ्याने तरी म्हणू नये.

सुरतेची पुढची हकिकत अधिक उपयोगाची आहे. मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागाला अधिकार असलेला एक वरिष्ठ अधिकारी नेमला. या अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता रस्त्यावर फिरायचे आणि दुपारी एकत्र बसून त्या दिवसाच्या कामाचा आढावा द्यायचा, असा दंडक घातला. रात्री मुख्य रस्ते झाडण्याचे व खरवडण्याचे काम तेथेही खासगी ठेकेदारांकडे दिले गेले. म्हणजे ठेका सुरतेतही होता. फरक इतकाच की, रात्री झालेले काम सकाळी अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जात होते. १९९६ मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगडखालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये इंदूर आणि सुरत या दोन्ही शहरांना पहिला क्रमांक विभागून मिळाला. जे शहर प्लेगच्या नावाने बदनाम झाले होते, त्याचीच ही गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याच्या कलम ४९ मध्ये नगर परिषदेची बंधनकारक कामे दिली आहेत. सार्वजनिक रस्ते व जागा साफ ठेवणे आणि कचरा काढून टाकणे ही कामे त्यांत येतात. बंधनकारक म्हणजे इच्छा असेल तर करावयाची नव्हेत. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली, तीतही सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन हा विषय शहरी स्थानिक संस्थांच्या यादीत आहे. २००० साली आणि पुन्हा २०१६ साली केंद्र सरकारने कचऱ्याविषयी नियम केले, त्यांतही अखेरचे उत्तरदायित्व स्थानिक संस्थेवरच ठेवले गेले. ठेकेदार हा नगर परिषदेचा हात आहे. हात कोणाचाही असो, जबाब मालकाला द्यावा लागतो.

"तिजोरीत पैसा नाही" हे कारणही चालत नाही. मध्य प्रदेशातील रतलाम येथील एका वस्तीच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध १९७२ मध्ये दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगर परिषदेने पैशाची अडचण सांगितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, पैसा नाही म्हणून नगर परिषदेला आपले कायदेशीर कर्तव्य टाळता येणार नाही. हा लढा सामान्य रहिवाशांनी दिला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ठेक्याच्या चार तऱ्हा आणि त्यांच्या चार पळवाटा

ठेका म्हटला की सारे ठेके सारखेच, असा समज आहे. तो बरोबर नाही. पैसे कशाच्या हिशेबाने मिळतात यावर ठेकेदाराचे वागणे ठरते. कपड्याला मीटरने भाव असला तर विणणारा थान ओढून लांब करतो, वजनाने भाव असला तर खळ जास्त चढवतो. हे आपल्याला नवे नाही. कचऱ्याच्या ठेक्यातही तसेच आहे.

पहिली तऱ्हा टनाची. जितका कचरा वजनकाट्यावर चढेल तितके पैसे. यात कचरा उचलण्याचा उत्साह राहतो हे खरे, पण वजन वाढवण्याचा मोहही राहतो. माती, बांधकामाचा राडारोडा, पावसाने भिजलेला कचरा हे सारे काट्यावर कचरा म्हणूनच मोजले जाते. नागपूरसारख्या मोठ्या शहरातही कचऱ्यात माती मिसळल्याचे आरोप जाहीरपणे झाले आहेत. शिवाय जेथे एका ठिकाणी ढीग सापडतो तेथे गाडी धावते आणि अरुंद गल्लीतील घरोघरचा थोडा थोडा कचरा मागे पडतो, कारण त्यात वेळ जास्त आणि वजन कमी.

दुसरी तऱ्हा माणसांची. शंभर कामगार पुरवायचे आणि त्यांच्या हजेरीप्रमाणे बिल घ्यायचे. येथे पळवाट हजेरीपटात असते. कागदावर शंभर आणि रस्त्यावर ऐंशी, असे झाले तर उरलेल्या वीस माणसांची मजुरी कोठे जाते, हे सांगायला नको.

तिसरी तऱ्हा खेपांची किंवा गाड्यांची. गाडीने दिवसात किती फेऱ्या केल्या यावर पैसे. मग अर्धी भरलेली गाडीही पूर्ण खेप म्हणून नोंदली जाते.

चौथी तऱ्हा उक्त्या रकमेची. दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि गाव साफ ठेवून घ्यायचे. हिशेब सोपा, पण गाव ‘साफ’ म्हणजे काय हे करारात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ठेकेदाराने जितके कमी काम करावे तितका त्याचा नफा जास्त.

आपला जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्या हैदराबाद शहराने १९९० च्या दशकात आणखी एक पद्धत वापरली. रस्त्यांच्या ठरावीक लांबीचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला ठरावीक कामगार आणि ठरावीक दर लावला. त्यामुळे कोणता रस्ता कोणाचा, हे निश्चित झाले. पुढे मुंबईतही ‘हैदराबाद पॅटर्न’ या नावाने ती पद्धत आली. तिचेही गुणदोष आहेत, पण रस्ता आणि माणूस यांची जोडी जुळवली की तपासणी सोपी होते, हा धडा घेण्यासारखा आहे.

यातली एकही तऱ्हा मुळात वाईट नाही. प्रत्येक तऱ्हेची चोरवाट वेगळी आहे, म्हणून तपासणीही वेगळी लागते. टनाच्या ठेक्यात काट्यावर आणि गाडीतल्या मालावर नजर हवी. माणसांच्या ठेक्यात पहाटे हजेरी घ्यायला हवी. खेपांच्या ठेक्यात गाडी भरलेली होती का हे पाहायला हवे आणि उक्त्या ठेक्यात रस्ता. टनाचा ठेका देऊन हजेरीपट तपासत बसणे म्हणजे वजनाने घेतलेले सूत गजाने मोजण्यासारखे आहे.

देखरेखीची साखळी

आता देखरेख कोण करतो ते पाहू. खालून पाहिले तर आधी मुकादम. तो आपल्या भागातील कामगारांची हजेरी घेतो. त्याच्यावर स्वच्छता निरीक्षक. कामाची रोजची नोंद आणि ठेकेदाराच्या चुका लिहून ठेवणे हे त्याचे काम. महिनाअखेरीस ठेकेदार बिल देतो, सरकारी भाषेत देयक. निरीक्षकाने ‘काम समाधानकारक’ असा शेरा दिला की ते लेखा विभागात जाते आणि शेवटी मुख्याधिकाऱ्याच्या सहीने पैसे निघतात. नगरसेवकांच्या विषय समित्यांत स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती असते आणि सर्वांवर सर्वसाधारण सभा. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षा होते आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही नगर परिषदांवर देखरेखीचे अधिकार आहेत.

साखळी लांब आहे, पण तिची मुख्य कडी म्हणजे निरीक्षकाचा तो शेरा. त्या शेऱ्यामागे रोजची लेखी नोंद असेल तर दंड कापता येतो. नोंद नसेल तर करारात दंडाची दहा कलमे असूनही एक रुपया कापता येत नाही, कारण ठेकेदार विचारतो, "कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत गाडी आली नाही ते दाखवा." म्हणून कोणत्याही ठेक्याची तब्येत पाहायची असेल तर वर्षभरात किती दंड कापला गेला हे विचारावे. गावात उकिरडे दिसत आहेत आणि दंडाचा रकाना कोरा आहे, असे असेल तर मोजणारा झोपला आहे असे समजावे.

अलीकडे घंटागाड्यांना जीपीएस लावतात, घरांवर क्यूआर कोड चिकटवतात. ही साधने चांगली आहेत. पण गाडी कोठून गेली हे यंत्र सांगते, गाडी थांबली का आणि कचरा घेतला का हे सांगत नाही. यंत्राने दिलेला कागद महिन्याच्या बिलाशी ताडून पाहणारा माणूस नसेल तर ते यंत्र भिंतीवरच्या बंद घड्याळासारखे आहे.

एक सोपा हिशेब

व्यापाऱ्याला आकड्याची भाषा लवकर समजते, म्हणून एक हिशेब मांडतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. लहान व मध्यम गावांत माणशी रोज साधारण ३०० ग्रॅम कचरा धरला तर ४४ टन होतात. लोकसंख्या वाढून दोन लाख धरली तर ६० टन. हा अंदाज आहे, पण अंदाजाचाही उपयोग असतो. एखाद्या गावाच्या ठेक्यात काट्यावरचे आकडे या अंदाजाच्या दीडपट, दुपटीने येत असतील तर प्रश्न विचारायला हवा. पावसाळ्यात आकडे एकदम फुगत असतील तर पाणी आणि चिखल तोलला जातो काय, हे पाहायला हवे.

समजा टनाला १,००० रुपये दर आहे आणि रोज ५ टन माती कचरा म्हणून चढली. रोजचे ५,००० रुपये, महिन्याचे दीड लाख, वर्षाचे १८ लाख. दुसऱ्या तऱ्हेच्या ठेक्यात समजा २० कामगार कागदावरच आहेत, रोजी ५०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस. महिन्याला २ लाख ६० हजार रुपये हवेत जातात. हे पैसे आकाशातून पडत नाहीत. मालमत्ता करातून, दुकानांकडून घेतल्या जाणाऱ्या निरनिराळ्या शुल्कांतून आणि सरकारी अनुदानातून ते येतात.

मजुराची मजुरी थांबली की बाजार थांबतो

आता या विषयातील सर्वांत नाजूक बाब. सफाई थांबण्याचे कारण पुष्कळदा कामगारांची थकलेली मजुरी हेच असते. नगर परिषद बिल देत नाही, ठेकेदार मजुरी देत नाही, कामगार काम बंद करतात आणि ऐन सणासुदीत बाजार घाणीने भरतो. आपण अशा वेळी कामगारांना दोष देतो. पण आपल्या शिलाई कारागिराला दोन महिने पैसे दिले नाहीत तर तो मशीनवर बसेल काय?

कायदा येथे स्पष्ट आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असे ठरवले होते की, ठेकेदाराने मजुरी चुकवली तर काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराच्या रकमेतून वसूल करावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही हे तत्त्व कायम आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या ठेक्यांना ते लागू होते. म्हणून ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी मागील महिन्याची मजुरी कामगारांच्या बँक खात्यांत जमा झाली का, भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के कामगाराचा आणि १२ टक्के मालकाचा वाटा भरल्याची पावती आहे का, हातमोजे व बूट दिले का, हे पाहणे नगर परिषदेच्या हिताचे आहे. ज्या दराने किमान वेतनही निघत नाही असा दर देणाऱ्या ठेकेदाराला केवळ ‘सर्वांत कमी’ म्हणून काम देणे म्हणजे संपाला आमंत्रण देणे होय. खरेदीच्या भावापेक्षा कमी भावात कोणी कापड विकू लागला तर आपण सावध होतो. नगर परिषदेनेही तसेच व्हावे.

मुंबईचे उदाहरण सर्वांना माहीत असावे. तेथे कचरा वाहतूक श्रमिक संघाने कंत्राटी सफाई कामगारांची बाजू मांडली. त्यांचे काम महापालिकेचे, देखरेख महापालिकेची, फक्त कागद ठेकेदाराचा, असे त्यांचे म्हणणे होते. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. ठेक्याचा कागद खोटा ठरला तर तिजोरीवर केवढा बोजा येतो, हे त्यावरून कळते. कामगारांचा हक्क सांभाळणे आणि गावाचा पैसा सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आता विचारायला माणूस आहे

मध्यंतरी राज्यातील बहुसंख्य नगर परिषदांच्या मुदती संपल्या होत्या आणि निवडणुका लांबल्यामुळे कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे होता. त्या काळात सभा नाही, समिती नाही, वॉर्डाचा नगरसेवक नाही. बिल मांडणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सारेच अधिकारी. डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. आता लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा आले आहेत. त्यांच्याकडे आपण नाली, पथदिवा आणि दाखला मागायला जातो. तेथेच एक प्रश्न आणखी विचारावा: "सफाईच्या ठेक्यात आपल्या वॉर्डाला किती कामगार, किती गाड्या आणि कोणती वेळ ठरलेली आहे?" नगरसेवकाला उत्तर माहीत नसेल तर त्याला ते शोधावे लागेल. त्याने शोधले की निम्मे काम झाले.

बीडमध्ये ही चौकशी अधिक निकडीची आहे, कारण जुन्या गावातून बिंदुसरा वाहते. २३ जुलै १९८९ च्या पुराने या नदीची ताकद गावाला दाखवली आहे. रस्त्यावर न उचललेला कचरा नालीत जातो, नाली नदीकडे जाते. पात्रात साचलेले प्लास्टिक आणि गाळ पावसाळ्यात पाण्याची वाट अडवतात आणि नदीकाठच्या सखल वस्त्यांतील घरे, दुकाने व गोदामे धोक्यात येतात. म्हणून मे महिन्यात नाल्या साफ झाल्या की नाहीत, हे जूनमध्ये विचारून उपयोग नाही.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, करारनामा मिळवावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्ज एकाच विषयाचा आणि थोडक्यात असावा. मागावयाचे कागद असे: निविदेच्या अटी, कार्यारंभ आदेश, करारनामा, मागील सहा महिन्यांची देयके, हजेरीपट किंवा वजनकाट्याच्या पावत्या, आणि कापलेल्या दंडाचा तपशील. या कायद्यात कागद व काम प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

दुसरी गोष्ट, आपली नोंद ठेवावी. बाजारपेठेतील प्रत्येक गल्लीत एका दुकानदाराने साधी वही ठेवावी. तारीख, घंटागाडी आली की नाही, किती वाजता, झाडू मारला की नाही. दुकान उघडताना अर्धा मिनिट लागतो. महिनाअखेरीस ही पाने व्यापारी संघटनेच्या पत्राबरोबर मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावीत आणि पोच घ्यावी. बशीरगंज, सुभाष रोड, मोमीनपुरा येथून अशा चार वह्या गेल्या तरी ‘काम समाधानकारक’ हा शेरा डोळे मिटून लिहिणे कठीण होईल. तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत विसरली जाते, पोच घेतलेला कागद फाईलमध्ये राहतो.

तिसरी गोष्ट, सणांची आखणी आधी करावी. रमजानच्या रात्रीचा बाजार, बकरी ईदचे तीन दिवस, दिवाळीची गर्दी या तारखा अगोदर ठाऊक असतात. जादा गाड्या, रात्रीची सफाई आणि कुर्बानीच्या अवशेषांची वेगळी वाहतूक यांची मागणी किमान महिनाभर आधी लेखी करावी. ठेक्यात जादा कामाची तरतूद आहे काय हे तेव्हाच पाहावे. ईदच्या आदल्या दिवशी फोन करून काही होत नाही.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची. कापडाच्या दुकानातून कात्रणे, पुठ्ठे आणि साड्यांची प्लास्टिकची वेष्टने निघतात. फळवाल्याचा, मटणवाल्याचा कचरा ओला, आपला कोरडा. दोन्ही एकत्र टाकले तर दोन्ही वाया. कोरडा माल भंगारवाल्याला किंवा कचरावेचक भगिनींना दिला तर त्यांना चार पैसे मिळतात आणि गाडीतला बोजा कमी होतो. २०१६ च्या नियमांनी कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी दुकानदारांवर आणि बाजार संघटनांवरही टाकली होती. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. रात्री दुकान वाढवल्यावर कचरा रस्त्यावर झटकून द्यायचा आणि सकाळी नगर परिषदेला जाब विचारायचा, अशाने आपल्या शब्दाला वजन राहत नाही. घंटागाडीची वेळ आणि दुकान उघडण्याची वेळ जुळत नसेल तर बाजारासाठी वेगळी फेरी मागावी. ही मागणी रास्त आहे.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की, हा उपद्व्याप आपण कशाला करावा, कर भरला की आपले काम संपले. पण माल मागवून पैसे आगाऊ द्यायचे आणि गठ्ठा उघडूनच पाहायचा नाही, असा व्यापार आपल्यापैकी कोणी करीत नाही. सफाईसाठी आपण पैसे देतच आहोत. तेव्हा गठ्ठा उघडून पाहावा. येत्या आठवड्यात प्रत्येक बाजार संघटनेने एवढेच करावे: एक वही घालावी, एक अर्ज द्यावा आणि आपल्या नगरसेवकाला बाजारातून सकाळी सात वाजता एक फेरी मारायला बोलवावे.